फोटोपुरती शाल

आईला मी पाहिलं ते फक्त एका काळ्यापांढऱ्या फोटोत. त्यावरून तिचं चित्र रंगवायला घेतलं, पण चेहरा मातकटच यायचा. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "अगं, अंगावरच्या कापडाची छटा हनुवटीवर उतरते. फोटोतली शाल कुठल्या रंगाची होती?" मावशीला विचारलं, तर तिनं कपाटातून लालभडक शाल काढली. "माझीच आहे. फोटोपुरती दिली, लगेच काढून घेतली. ताई एकदा घेतलं की परत द्यायचं नाव काढायची नाही!" तिनं ती माझ्या खांद्यावर टाकून मला आरशासमोर बसवलं. "तू तिच्याच रंगाची आहेस. बघून काढ." माझ्या हनुवटीखाली लालसर ऊब पसरली होती, ती, शालीच्या चुण्यांसकट, चित्रात उतरवली. चित्र दाखवून शाल परत केली, मावशीचे आभार मानले. ती चित्राकडे बघत म्हणाली, "ठेव. आता कशी काढून घेऊ? ताई पांघरून बसलीय."