आकडेवाली

"आत गेल्यावर तोंड उघडू नकोस," म्हातारा ध्वनिमुद्रक पेई स्टुडिओच्या दारातच यालानला म्हणाला. "शाओ निंगची आई आलीय. तुझा आवाज ऐकला तर तिला वाटायचं, लेकच बोलतेय."

नटी शाओ निंगच्या प्रत्येक मालिकेला यालाननंच आवाज दिला होता. निंग हुनान प्रांतातल्या डोंगरातली. चेहरा राजकन्येचा आणि बोली बटाटे विकणारीची, असं बीजिंगचे दिग्दर्शक हसत म्हणायचे. म्हणून पडद्यावर ओठ निंगचे हलायचे आणि बोलायची यालान. आता निंग गेली होती. पोटाचा कर्करोग. तिशीही गाठली नव्हती. शेवटपर्यंत तिनं आजाराची कुणाला कुणकुण लागू दिली नाही. तिच्या अखेरच्या मालिकेतला एक प्रसंग आवाजाविना पडून होता, तो आज पुरा करायचा होता.

निंगबद्दल यालानच्या मनात अढी होती. ती गेली तरी अढी गेली नव्हती. या मालिकेत निंगनं नवंच थेर सुरू केलं होतं. लांबलचक संवाद आला की ती मध्येच तो सोडून द्यायची आणि कॅमेऱ्यासमोर नुसते आकडे म्हणायची. एक, दोन, तीन, चार. तेही गावच्या बोलीत. दिग्दर्शक चालवून घ्यायचा, चेहरा चांगला आला की झालं. पण चित्रीकरणाच्या वेळचा तो कच्चा आवाज कानाला लावून ओठांशी शब्द जुळवावे लागायचे यालानला. "मानधन राणीचं आणि काम बालवाडीचं!" असं ती एकदा जेवताना चारचौघांत बोलून गेली. कुणीतरी ते इंटरनेटवर टाकलं. बघता बघता देशभर निंगचं नाव 'आकडेवाली' पडलं. निंगनं कधी खुलासा केला नाही. ती गेल्यावर त्याच लोकांनी मेणबत्त्यांची चित्रं टाकली.

आई सोफ्याच्या कडेला टेकली होती. अंगात जाड सुती जाकीट, मांडीवर धुरावर सुकवलेल्या मांसाचं पुडकं. ते तिनं दोन्ही हातांनी पेईपुढे धरलं.

"घरचं आहे. निंगला आवडायचं," ती म्हणाली. "टीव्हीवर बोलते ती माझी पोर नव्हे, ठाऊक आहे मला. कुणा शिकल्यासवरल्या बाईचा आवाज आहे तो. पहिल्याच दिवशी ओळखलं होतं."

पेईनं पुडकं टेबलावर ठेवलं.

"शेवटी शेवटी ती फोनच उचलायची नाही. नुसता निरोप लिहायची. काम चाललंय, बरी आहे. मी शेजारणीकडून वाचून घ्यायचे. एकदा जरी बोलली असती, तर श्वासावरून कळलं असतं मला." तिनं वर पाहिलं. "त्या दिवसांतला तिचा स्वतःचा आवाज असेल ना तुमच्याकडे? तेवढा ऐकून जाते."

"नाही हो मावशी," पेई म्हणाला. "तसलं काही आम्ही जपून ठेवत नाही."

हे निम्मं खरं होतं. बाकी सगळा कच्चा आवाज पुसला गेला होता. उरला होता तो एवढ्या एकाच प्रसंगाचा, आणि यालानचं काम आटोपलं की तोही पुसला जाणार होता. त्यातही आकडेच होते. आईनं एवढ्या लांबून यावं आणि लेकीची फजिती ऐकून जावं? गप्प बसणंच बरं, असं यालानला वाटलं. बाई उठली. जाकिटाची बटणं लावू लागली. तिच्या बोटांना ती सापडेनात.

"आहे, मावशी," यालान म्हणाली.

बाईचे हात थांबले. ती यालानच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तूच होय ती," ती म्हणाली. "गोड बोलतेस गं."

यालानला तिच्याकडे बघवेना. "ऐकवते. पण त्यात ती बोलत नाही, मावशी. नुसते आकडे म्हणते. वाईट वाटून घेऊ नका."

तिनं आपले हेडफोन बाईच्या कानांवर ठेवले. पडद्यावर राणीच्या वेषातली निंग सिंहासनावर ताठ बसली होती. हात पोटाशी घट्ट धरलेले. डोळ्यांतून धारा. या रडण्याचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं. आकडे म्हणताना हिला एवढं रडू येतं तरी कसं, याचं यालानला नेहमी नवल वाटायचं.

निंगचे ओठ हलू लागले. थोड्या वेळानं आईचेही हलू लागले, तिच्याबरोबरच, त्याच डोंगरातल्या बोलीत. मायलेकी एका सुरात मोजत होत्या. मग दिग्दर्शकानं 'कट' म्हटलं असावं, पडदा काळा झाला.

"पुढचं?" आईनं विचारलं.

"इथंच संपतं," पेई म्हणाला. "त्याचं काय आहे, मावशी, संवाद पाठ नसले की नट मंडळी..."

आईनं नकारार्थी मान हलवली. हेडफोन तिनं काढले नव्हते.

"मी दिवसभर शेतावर असायचे," ती म्हणाली. "तिला सांगून ठेवलं होतं, पोटात कळ आली की मोजायला लागायचं. शंभर होईस्तोवर आई येते."