पाणी सुटलं

"सुटलं! उजनीचं पाणी कर्नाटकला सुटलं!" मोबाईल उंच धरून विजयश्री ओरडली आणि चाकणला निघालेली, अर्धवट झोपेतली कंपनीची बस दचकून जागी झाली.

मागच्या सीटवरचा खंडू भडकला. त्याचं शेत सोलापूर जिल्ह्यात, भीमेच्या काठावर. "आमचा ऊस वाळून चाललाय आन् पाणी तुमाला? माझा भाऊ नदीवर मोटार लावून बसलाय. थेंब फुडं जाऊ द्यायचा न्हाई!"

"जाऊ दे की रे खंडूभाऊ!" तिला हसू आवरत नव्हतं.

"एवढी नाचतीस कशाला ताई? तिकडं तुझं शेत तरी हाय का?"

"शेत नाही रे. अप्पा चाललेत गावाला."

खंडूने चमकून तिच्याकडे पाहिलं. अप्पांना, तिच्या वडिलांना, जाऊन तीन महिने झाले होते. त्यांच्या मातीला तो स्वतः गेला होता.

"अस्थी कर्नाटकातल्या आपल्या गावच्या भीमेत सोडा म्हणाले होते," ती भराभर सांगू लागली. "पण गावात नदी कोरडी. मग देहूला इंद्रायणीत सोडल्या. इंद्रायणी भीमेला मिळते आणि भीमा उजनीत अडते. तीन महिने धरणात बसून होते बघ. आज निघाले!"

खंडूने खिशातून मोबाईल काढला आणि भावाला फोन लावला.

"मोटार दोन दिवस बंद ठेव. आपल्या काठावरनं पाहुणे चाललेत."