वळणावर थांबणारी घोडी

"चल ना गं बये!" निवृत्त मुख्याध्यापिका रणपिसे बाईंनी तिसऱ्यांदा टाच मारली, पण घोडी हलेना. हौसेने माथेरानहून आणलेल्या या घोडीला बाईंनी महिनाभर खपून दुडकी चाल शिकवली होती, पण वळण आलं की ती मान वाकडी करून ठाम उभी राहायची.

शेवटी बाईंनी घोडीवरूनच तिच्या जुन्या मालकाला फोन लावला.

"बाई, इथं दर वळणावर लोक तिच्यावर बसून फोटो काढायचे. तुम्हीही काढा, मग निघेल ती."

बाईंनी वैतागून मोबाइल समोर धरला आणि एक फोटो काढला. घोडी फुरफुरली आणि लगेच निघाली.

शाळेच्या तीस वार्षिक फोटोंत एकदाही न हसलेल्या बाईंच्या मोबाइलमध्ये आता चारशे फोटो आहेत. प्रत्येकात घोडी ऐटीत उभी आहे आणि बाई दात काढून हसताहेत.