खिळ्यावरचा कप

चहा संपताच आबा कपबशी घेऊन उठले आणि बेसिनकडे निघाले. संघपालचं तोंड कडू झालं. पुण्यात आल्यापासून दर रविवारी तो नवं हॉटेल हुडकायचा. त्यातलं सगळ्यात झकपक त्यानं बापासाठी राखून ठेवलं होतं.

"आबा, ठेवा ते. इथं वेटर उचलतो."

"असू दे. सवय हाय."

कसली सवय ते संघपालला ठाऊक होतं. गावच्या हॉटेलात त्यांच्या वस्तीचा कप बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. वरून ओतलेला चहा प्यायचा, कप आपणच धुवायचा आणि परत खिळ्याला अडकवायचा.

शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ कौतुकानं म्हणाले, "खेड्यातल्या माणसांनी संस्कार टिकवलेत बघा."

संघपालचा तिळपापड झाला. त्यानं आबांच्या हातातला उष्टा कप घेतला आणि गृहस्थांपुढे आदळला. "संस्कार आवडला ना? मग धुवा तुम्ही."

"मी? दुसऱ्याचं उष्टं?" गृहस्थांनी हात मागे ओढला.

आबा माघारी येऊन खुर्चीत ऐसपैस बसले आणि बशीही त्यांच्याकडे सरकवली.

"ही राहिली, साहेब."