घरचं मतदान

संघर्षला कंपनीने कायमचं घरून काम दिलं आणि नाशिकच्या इंदिरानगरमधल्या दोन खोल्या त्याला अचानक लहान वाटू लागल्या. दुसरं बाळ येणार, चिमुकल्या तेजलला खेळायला वाळू हवी, म्हणून समुद्राजवळ घर घ्यायचं ठरलं. त्याच महिन्यात त्याची बायको चैताली पंचवटीच्या शाळेत इतक्या वर्षांनी एकदाची कायम झाली होती. त्याचे पेढे अजून डब्यात होते.

"गाव सगळ्यांनी मिळून निवडायचं. आपल्या घरात लोकशाही आहे!" सासरे भिकनराव म्हणाले आणि घरच्या ग्रुपवर मतं मागवली.

सासरे : अलिबाग. डॉक्टर हाताशी.

सासूबाई : मुरुड. मासे ताजे मिळतात बाई.

नणंद, पुण्याहून : गुहागर! आम्हाला सुट्टीत यायला बरं.

संघर्ष : दापोली. चैताली, तुझंही मत टाक हं.

चैतालीने कणकेचे हात धुतले. काहीतरी लांबलचक लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी एकच शब्द पाठवला.

चैताली : नाशिक.



बाहेरच्या खोलीतून संघर्ष हसत ओरडला, "अगं, तेजलच्या हातात फोन दिलायस का परत?"