चंद्र नसलेला फोटो

“वहिनी, चंद्र वळला. मग हा ठिपका जागचा का हलला नाही?”

नणंदेनं दोन फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावले होते. दूरच्या ग्रहाचा इवलासा चंद्र, कोळशाहून काळा. यान त्याच्या जवळून एकदाच गेलं होतं, पुन्हा जाणार नव्हतं. त्या काळोखात एक पांढरा ठिपका चमकत होता. यानावरचा कॅमेरा वहिनीनं बनवलेला. चंद्राचा नकाशा काढायचं काम नणंदेचं. ठिपका म्हणजे बर्फ, असं वहिनीनं साहेबांना सांगून टाकलं होतं. आणि साहेब खालच्या सभागृहात पत्रकारांना तेच सांगत होते.

“जेमतेम बोटभर वळलाय. तेवढ्यात तुला काय कळणार?”

“वाटेत कॅमेऱ्यालाच काही लागलं असेल तर?”

“वन्सं, घरातला राग इथे कामात काढायचा नाही.”

एरवी वहिनी तिला छकुली म्हणायची. नणंदेच्या मनात पाल चुकचुकली.

“चंद्र नसलेला फोटो दाखव. नुसत्या आकाशाचा.”

वहिनीनं लगेच दाखवला. जणू काढूनच ठेवला होता. काळंभोर आकाश, ठिपक्याचा मागमूस नाही.

“झालं समाधान?”

नणंद ओशाळली. उठून दारापर्यंत गेलीसुद्धा. तिथून परत फिरली.

“हा चंद्रापाशी पोचण्याआधीचा आहे. नंतरचा कुठाय?”

माउसवरचा वहिनीचा हात थांबला.

“आहे ना. मी अजून उघडलेला नाही.”

“का?”

“सवड कुठे मिळाली?” वहिनीनं माउस तिच्याकडे सरकवला. “तूच उघड. तुझ्या जिवाला तरी स्वस्थता लाभेल.”

खालून टाळ्या ऐकू आल्या. नणंदेचं बोट अडखळलं. आपला संशय खोटा ठरावा, असं तिला मनापासून वाटलं. मग तिनं फोटो उघडला.

आकाश रिकामं होतं. चंद्र केव्हाच मागे पडला होता. ठिपका मात्र होता तिथेच चमकत होता.

“वहिनी, हे बघ,” म्हणत ती वळली.

वहिनी पडद्याकडे बघतच नव्हती. ती मघापासून नणंदेच्या तोंडाकडे बघत होती.