सोमवारची पाकिटं

तिनं तिसऱ्यांदा मोजले. एकोणीसच. चिमट्यानं एकेक केस कागदावर मांडून झाला होता, त्यामुळे चुकायला जागाच नव्हती. आणि पाकीट होतं पांढऱ्या झाकणाच्या बाटलीचं.

हिरव्या झाकणाच्या बाटल्यांमध्ये माका आणि जास्वंदीचा अर्क घातलेलं तेल होतं. पांढऱ्या झाकणाच्या बाटल्यांमध्ये नुसतंच तेल. कुणाच्या वाट्याला काय आलंय, हे तेल लावणाऱ्या बाराजणींना ठाऊक नव्हतं. दर सोमवारी सकाळी एकदाच विंचरायचं आणि कंगव्यात आलेले सगळे केस पाकिटात घालून प्रयोगशाळेत आणायचे, एवढंच त्यांचं काम. चार महिन्यांत हिरव्या झाकणवाल्यांची केसगळती पाव हिश्श्यावर आली, आणि आमच्या संशोधकबाई हुरळल्या. बाकीची पाकिटं मोजण्याइतकाही दम निघाला नाही. तडक साहेबांच्या खोलीत जाऊन "अर्क लागू पडला" असं सांगून मोकळ्या झाल्या. साहेबांनी लगेच वरपर्यंत कळवूनही टाकलं.

आता पांढऱ्या झाकणवाल्या सहाजणींची गेल्या सोमवारची पाकिटं मोजली, तर नुसत्या तेलानंही तेवढाच गुण दिलेला. म्हणजे अर्कानं काहीच केलं नव्हतं. साहेबांना तोंड कसं दाखवायचं, या विचारानं तिचे कान तापले.

घाई झाली होती, पण त्या घाईलाही कारण होतं. तिचे स्वतःचे केस मुठीमुठीनं जात होते. केसांवर संशोधन करणारीचंच डोकं विरळ, याची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटे. आईलासुद्धा तिनं पत्ता लागू दिला नव्हता. अर्क लागू पडला असता तर गुपचूप लावून भागलं असतं.

दारात शिलाईवाल्या मावशी उभ्या राहिल्या. बाराजणींतल्या सगळ्यांत वक्तशीर. त्यांनी या सोमवारचं पाकीट टेबलावर ठेवलं. तिनं ते उघडलंच नाही.

"मावशी, खरं सांगा. कंगव्यातले सगळे केस आणता ना?"

मावशींनी नजर खाली घातली. उभा जन्म दुसऱ्यांची मापं घेण्यात गेलेला, त्यांना खोटं बोलणं जमेना.

"निम्म्याहून जास्त घरीच काढून ठेवते."

"आणि बाकीच्या?"

"त्याही. बाहेरच्या बाकावर बसून आमचं तसं ठरलंच होतं. अगं, पहिले दोन महिने तू पाकीट उजेडाकडे धरायचीस आणि तुझं तोंड एवढंसं व्हायचं. आम्हाला बघवेना. मग एकदा माझ्याकडून चुकून कमी आले, तर तू काय हसलीस! त्या दिवसापासून..."

तिला वाटलं, फरशी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. म्हणजे अर्काचा गुण नाही, आणि दोषही नाही. मोजमापच खोटं. बाराजणी तिच्या तोंडाकडे बघून केस घालत होत्या, आणि तेच केस ती चिमट्यानं मोजत बसली होती. लाज वाटली, आणि लाजेचा राग होऊन तो मावशींवर निघाला.

"तुम्हाला कळतंय का काय केलंत? चार महिने पाण्यात गेले! माझ्या तोंडाचं काय घेऊन बसलात? हे सगळं तुमच्यासाठी चाललं होतं, मावशी. तुमचे केस वाचावेत म्हणून!"

मावशी गोंधळल्या. खुर्चीच्या पाठीला धरून हळूच बसल्या. मग अगदी अपराधी आवाजात म्हणाल्या,

"आमचे? आमचं काय गं, आमची वयं झाली. तुझे गळतात, ते बघून आम्ही बाराजणी येत होतो."